हान थडग्यांतील बुद्धप्रतिमा : रूप, स्थान आणि अर्थ

चीनमधील उत्तरकालीन हान राजवटीच्या (इ.स. २५ ते २२०) थडग्यांमध्ये बुद्धप्रतिमा कोरलेल्या सापडतात, ही गोष्ट आता धम्मविषयक मराठी लेखनाला नवी राहिलेली नाही. व्याख्यानांतून, स्मरणिकांतून आणि अभ्यासवर्गांच्या टिपणांतून तिचा उल्लेख वारंवार होतो. त्या उल्लेखाचा रोख बहुधा एकच असतो : इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात चीनच्या नैर्ऋत्येकडील डोंगरांपर्यंत धम्म पोहोचला होता आणि तेथील लोक बुद्धाला शरण गेले होते; या प्रतिमा त्याचा पुरावा होत. हा निष्कर्ष आपल्या मनाला सुखावणारा आहे. परंतु सुखावणारा निष्कर्षच अधिक कठोरपणे तपासावा लागतो. प्रस्तुत लेखात ही तपासणी करण्याचा आमचा प्रयत्न आहे. तपासणीचे साधन मुख्यतः प्रतिमा स्वतःच राहील : ती कशी आहे, कोठे आहे आणि कोणाच्या शेजारी आहे.

पद्धतीसंबंधी आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथे भगवंतांनी भिक्खूंना चार महापदेस सांगितले आहेत. एखादा म्हणेल की हे वचन मी प्रत्यक्ष शास्त्याकडून ऐकले, दुसरा म्हणेल संघाकडून ऐकले, तिसरा म्हणेल अनेक स्थविरांकडून, चौथा म्हणेल एका स्थविराकडून. अशा वेळी ते वचन लगेच स्वीकारू नये आणि लगेच धिक्कारूही नये. ते सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. दगडात कोरलेली प्रतिमा हेही एक प्रकारचे ऐकीव वचन आहे. तिच्यावरही हाच नियम लागू करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम रूपाचा विचार करू. सिचुआन प्रांतातील लेशान या गावी लाल वालुकाश्माच्या कड्यात खोदलेली अनेक थडगी आहेत. त्यांपैकी माहाओ येथील पहिल्या क्रमांकाच्या थडग्यात, आतल्या दालनाच्या प्रवेशद्वारावर, सुमारे ४० सेंटिमीटर उंचीची एक बैठी आकृती उठावात कोरलेली आहे. आकृतीच्या मस्तकामागे वर्तुळाकार प्रभावलय आहे. डोक्यावर उष्णीष आहे. उजवा हात अभयमुद्रेत उचललेला आहे आणि डाव्या हाताने चीवराचा काठ धरला आहे. चेहरा झिजला असला तरी या चार लक्षणांवरून ओळख पटते. रिचर्ड एडवर्ड्स यांनी १९५४ साली ‘आर्टिबस एशिए’ या नियतकालिकात या शिल्पांचा परिचय विद्वज्जगाला करून दिला. लेशानजवळच शिझिवान येथील थडग्यातही अशीच आकृती आहे. पेंगशान येथील थडग्यातून मिळालेल्या आणि आज नानजिंग संग्रहालयात असलेल्या ‘धनवृक्षा’च्या मातीच्या बैठकीवर दोन उभ्या सेवकांच्या मध्ये बसलेला बुद्ध दिसतो. मियानयांग येथील हेजियाशानच्या थडग्यात सापडलेल्या कांस्य धनवृक्षाच्या खोडावर तर एकाखाली एक अशा पाच बुद्धाकृती आहेत. फेंगदू येथे २००१-०२ च्या सुमारास मिळालेल्या धनवृक्षाच्या अवशेषांवर बुद्धाकृती असून त्याचा काळ लेखावरून इ.स. १२५ ठरतो.

रूपाच्या पातळीवर संशयाला फारशी जागा नाही. उष्णीष, प्रभावलय, अभयमुद्रा आणि हातात धरलेला चीवराचा काठ ही सारी लक्षणे गंधार आणि मथुरा येथील मूर्तिकारांनी रूढ केलेली आहेत. चिनी कारागिराने ती स्वतःहून कल्पिली असणे शक्य नाही. कोणते तरी मूळ उदाहरण, मग ती लहान मूर्ती असो वा चित्र असो, त्याच्यापर्यंत पोहोचले होते. येथवर सर्व अभ्यासकांचे एकमत आहे आणि आमचेही त्यांच्याशी मतभेद नाहीत.

मतभेदाचा प्रश्न यापुढे सुरू होतो. अट्ठकथाकार व्यंजन आणि अर्थ यांत भेद करतात. अक्षरे ओळखता आली म्हणजे अर्थ कळला असे होत नाही. प्रतिमेच्या बाबतीत लक्षणे ही व्यंजने होत. अर्थ ठरवायचा तर ती व्यंजने ज्या वाक्यात बसवली आहेत ते वाक्य वाचावे लागते, आणि थडग्याच्या बाबतीत ते वाक्य म्हणजे संपूर्ण थडगे होय. वू हुंग यांनी १९८६ साली ‘आर्टिबस एशिए’मध्येच प्रसिद्ध केलेल्या दीर्घ निबंधात हाच मुद्दा आग्रहाने मांडला. दुसऱ्या आणि तिसऱ्या शतकांतील चिनी कलेत बौद्ध घटक आहेत, पण म्हणून ती कला बौद्ध आहे असे म्हणता येत नाही, कारण ते घटक आपले मूळ प्रयोजन सोडून येथील समजुतींच्या चौकटीत बसले आहेत, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. त्यांच्या आधी, १९८० साली, यू वेइचाओ यांनी उत्तरकालीन हान काळातील अशा चित्रांचा संग्रह करून त्यांत बौद्ध धर्माच्या प्रसाराची साक्ष पाहिली होती. हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचले तर वादाचे मर्म लक्षात येते. दोघांसमोर सामग्री बरीचशी तीच आहे. फरक पडतो तो प्रतिमेकडे एकटीने पाहायचे की तिच्या शेजाऱ्यांसह पाहायचे, या ठिकाणी.

आता स्थान पाहू. माहाओच्या ज्या द्वारावर बुद्ध आहे, त्या जागी सिचुआनच्या थडग्यांत सामान्यतः कोण असते? बहुधा सी-वांग-मू, म्हणजे पश्चिमेची राणीमाता. पश्चिमेच्या कुनलुन पर्वतावर राहणारी, अमरत्वाचे औषध बाळगणारी ही देवता हान काळात विलक्षण लोकप्रिय होती. इ.स. पूर्व ३ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत तिच्या नावाने लोकांच्या झुंडी रस्त्यावर उतरल्याची नोंद हान राजवटीच्या इतिहासात आहे. धनवृक्षांवर आणि त्यांच्या बैठकांवर एरवी तीच बसलेली असते. तिच्या आसनाच्या एका बाजूला ड्रॅगन आणि दुसऱ्या बाजूला वाघ असतो. पेंगशानच्या बैठकीवर बुद्धाच्या खाली हेच ड्रॅगन आणि वाघ आहेत. म्हणजे आसन राणीमातेचे आहे आणि त्यावर बुद्ध बसवला आहे. धनवृक्षाच्या फांद्यांना पानांऐवजी नाणी लागलेली असतात. मृताला परलोकात समृद्धी आणि अमरत्व लाभावे, हा त्या वस्तूचा हेतू उघड आहे.

शानदोंग प्रांतातील यीनान येथे १९५४ साली उत्खनन झालेले थडगे हीच गोष्ट निराळ्या रीतीने सांगते. त्याच्या मधल्या दालनात एक अष्टकोनी दगडी स्तंभ आहे. स्तंभाच्या पूर्वेकडील बाजूवर पूर्वेचा राजपिता आणि पश्चिमेकडील बाजूवर राणीमाता कोरलेली आहे. उरलेल्या दोन मुख्य दिशांच्या बाजूंवर, दक्षिणेस आणि उत्तरेस, प्रभावलय असलेल्या उभ्या आकृती आहेत. प्रभावलय परदेशी आहे यात शंका नाही. पण त्याच दक्षिण बाजूवर उजवा हात उचलून बसलेल्या एका आकृतीला पंख आहेत. पंख हे चिनी परंपरेत ‘शियान’चे, म्हणजे अमर पुरुषाचे लक्षण आहे, बुद्धाचे नव्हे. चार दिशांना चार दिव्य पुरुष ठेवण्याची योजना आधीपासूनची होती आणि तीत दोन जागा नव्या रूपांनी भरल्या गेल्या, असे या स्तंभाकडे पाहून म्हणावे लागते.

चीनच्या आंतर मंगोलिया प्रदेशातील होलिनगर येथील थडगे १९७१ साली उजेडात आले. तेथील चित्रे कोरीव नसून भिंतीवर रंगवलेली आहेत, तरी त्यांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे, कारण त्यांवर नावे लिहिलेली आहेत. पांढऱ्या हत्तीवर बसलेल्या आकृतीजवळचा मजकूर सांगतो : पांढऱ्या हत्तीवर स्वार झालेला अमर पुरुष. बौद्ध वाचकाला पांढरा हत्ती दिसताच महामायेचे स्वप्न आठवते. चित्रकाराने मात्र स्वाराला ‘शियान’ म्हटले आहे. त्याच छतावर राजपिता आणि राणीमाता आहेत. जवळच्या दुसऱ्या चित्रातील ‘शेली’ हे अक्षरद्वय ‘सरीर’, म्हणजे धातू, या शब्दाचे लिप्यंतर असावे असे यू वेइचाओ यांनी सुचवले आहे. ते मान्य केले, तरी धातू हा शब्द पोहोचला होता एवढेच सिद्ध होते. धातूंची पूजा कोणत्या समजुतीने करावयाची, हे कळले होते असे सिद्ध होत नाही. लिहिलेले शब्द आणि चित्राचा शेजार एकत्र वाचले असता हत्तीच्या बाबतीत शंका उरत नाही.

शानदोंगमधील तेंगझोऊ येथील शिळेवर सहा दातांचे हत्ती कोरलेले आहेत. लाओ गान यांनी १९५४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा दात म्हटले की आम्हां मराठी अभ्यासकांना छद्दंत जातक आठवणे साहजिक आहे, कारण त्या कथेचे अत्यंत जुने चित्रण अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, सातवाहनकालीन भिंतचित्रात आहे. सतराव्या लेण्यात ती पुन्हा आली आहे. या दोन स्थळांची तुलना उद्बोधक ठरते. अजिंठ्याच्या चित्रकाराने हत्तींचा कळप, शिकारी, कापलेले दात आणि ते पाहून मूर्च्छित होणारी राणी असा कथेचा क्रम दाखवला आहे. ज्याने बाण मारला त्यालाच आपले दात देणाऱ्या गजराजाची क्षांती हे त्या चित्राचे मर्म आहे. शानदोंगच्या शिळेवर शिकारी नाही, राणी नाही, दातांचे दानही नाही. सहा दात आहेत, आणि ते शुभशकुनाच्या अद्भुत प्राण्यांच्या मालिकेत सहज बसून गेले आहेत. कथा मागे राहिली आणि आकार पुढे गेला, असे याचे वर्णन करता येईल.

लिखित साधने या निष्कर्षाला दुजोरा देतात. इ.स. ६५ मधील एका राजाज्ञेत चूचा राजपुत्र यिंग हा हुआंग-लाओ यांची वचने आणि बुद्धाचे यज्ञ यांचा आदर करतो, असे म्हटले आहे; त्या आज्ञेत ‘उपासक’ आणि ‘समण’ हे शब्द चिनी उच्चारांत आले आहेत. इ.स. १६६ च्या सुमारास सम्राट हुआन याने राजवाड्यात हुआंग-लाओ आणि बुद्ध यांना एकत्र बळी व अर्घ्य अर्पण केल्याचे इतिहासकार नोंदवतात. दरबाराच्या दृष्टीने बुद्ध हा दीर्घायुष्य आणि अमरत्व देणारा पश्चिमेकडील आणखी एक देव होता. एरिक झुर्खर यांच्या १९५९ सालच्या ग्रंथाने या मिश्रणाचे सामाजिक अंग विस्ताराने मांडले आहे. थडगे बांधणाऱ्याची समजूत दरबाराच्या समजुतीहून निराळी असेल, असे मानण्यास कारण दिसत नाही.

माहाओच्या कड्यात खोदलेली दालने पाहून त्यांचे नाते भारतीय लेण्यांशी जोडण्याचा मोहही काहींना होतो. बाह्य रूपात साम्य आहे हे खरे. पण भाजे किंवा कान्हेरी येथील विहार जिवंत भिक्खूंच्या वर्षावासासाठी खोदले गेले. त्यांत शय्या आहेत, पाण्याच्या पोढी आहेत, येण्याजाण्याच्या पायऱ्या आहेत. माहाओचे दालन मृतासाठी खोदले गेले. शिवाय खडकात थडगे खोदण्याची रीत चीनमध्ये आधीच होती : इ.स. पूर्व ११३ मध्ये मरण पावलेल्या लिऊ शेंग या राजपुत्राचे जेडच्या चिलखतासह सापडलेले मानचेंग येथील थडगे डोंगर पोखरूनच केले होते. तेव्हा केवळ कोरीवकामाच्या साम्यावरून वारसा ठरवणे योग्य नव्हे.

येथवर आम्ही वू हुंग यांच्या बाजूने चाललो. परंतु त्यांच्या मताचा जो अतिरेक पुढे काही लेखकांनी केला, तो आम्हांस मान्य नाही. या प्रतिमांत बौद्ध आशयाचा लवलेश नाही, त्या निव्वळ परदेशी शोभेच्या वस्तू आहेत, असे म्हणणे पुराव्याच्या पलीकडे जाणे होय. माहाओची आकृती पुन्हा पाहावी. ती राणीमातेच्या जागी आहे, पण राणीमातेचे आसन तिला दिलेले नाही. ड्रॅगन नाही, वाघ नाही, पंखही नाहीत. ज्या कारागिरांच्या परंपरेने त्याच थडग्यात छिनच्या राजावर वार करणाऱ्या जिंग केची कथा चिनी धाटणीने कोरली, तिनेच या एका आकृतीत परकी वस्त्ररचना आणि परकी मुद्रा कटाक्षाने जपली. उचललेला हात बदलावासा तिला वाटला नाही. मृत्यूच्या दारावर भय घालवणारा हात कोरावा, इतकी जाण तरी त्या निवडीमागे असू शकते. म्हणून समावेश सर्वत्र सारखा झाला नाही : पेंगशानला तो अधिक आहे, यीनानला वेगळ्या प्रकारचा आहे, माहाओला कमी आहे. ही प्रतवारी न करता सर्व उदाहरणे एकाच कोष्टकात घालणे हा वू हुंग यांच्या विरोधकांचा दोष आहे, तसाच तो त्यांच्या काही अनुयायांचाही आहे.

दुसरी सावधगिरी आम्हां पालीच्या अभ्यासकांनी बाळगावयाची आहे. मृताला धन आणि अन्न पोहोचवण्याची कल्पना धम्माला सर्वस्वी परकी, आणि म्हणून ही थडगी अबौद्ध, असा सरळ युक्तिवाद काही जण करतात. पण खुद्दकपाठात आणि पेतवत्थूत आलेले तिरोकुड्ड सुत्त त्यांनी लक्षात घ्यावे. घराच्या भिंतीबाहेर आणि चव्हाट्यावर उभ्या असलेल्या मृत आप्तांसाठी दान देण्याचा विचार तेथे आहे. मात्र त्याच सुत्तात असेही सांगितले आहे की त्या लोकी शेती नाही, गोपालन नाही, व्यापार नाही आणि सोन्याने होणारी खरेदी-विक्रीही नाही; येथून दिलेल्या दानावरच त्यांचे चालते. शोकाकुल आप्तांची भावना दोन्हीकडे एकच आहे. भेद असा की सुत्तकार त्या भावनेला जिवंत भिक्खुसंघाला दिलेल्या दानाकडे वळवतो, तर सिचुआनचा धनिक नाण्यांनी लगडलेले झाड मृताबरोबर पुरतो. सुत्त ज्याला तेथे अर्थ नाही म्हणते, नेमके तेच तो सोबत देतो. त्या झाडाच्या खोडावर बुद्ध असणे हा म्हणूनच बुद्धाच्या शिकवणीचा पुरावा होऊ शकत नाही, आणि हे सांगण्यासाठी त्या माणसाच्या दुःखाचा उपहास करण्याचीही गरज नाही.

मग त्या शतकात चीनमध्ये धम्म नव्हता काय? होता, पण तो निराळ्या जागी शोधला पाहिजे. इ.स. १४८ मध्ये लोयांगला आलेले पार्थियन आचार्य आन शिगाओ आनापानाच्या भावनेवरील ग्रंथ भाषांतरित करीत होते. त्यांच्यामागून लोकक्षेम यांनी महायान ग्रंथांची भाषांतरे केली. इ.स. १९३ च्या सुमारास झाई रोंग नावाच्या अधिकाऱ्याने बांधलेल्या मंदिराच्या वर्णनात सोन्याचा मुलामा दिलेली बुद्धमूर्ती, सूत्रांचे पठण, बुद्धस्नानाचा उत्सव आणि जमलेल्या लोकांना अन्नदान यांचा उल्लेख येतो. तो अधिकारी स्वतः क्रूर होता, ही गोष्ट वेगळी. महत्त्वाचे हे की तेथे मूर्तीच्या भोवती ग्रंथ, श्रोते आणि आचार आहेत. ज्या मूर्तीच्या भोवती या तीन गोष्टी आहेत ती एक. आणि जिच्या भोवती ड्रॅगन, वाघ आणि नाणी आहेत ती दुसरी. दोन्ही मूर्तींची लक्षणे सारखी असली, तरी त्यांचे मोल वेगवेगळे ठरते.

या चर्चेचे आपल्याशी नाते काय, असे सुज्ञ वाचक विचारतील. महाराष्ट्रात दशावतारांच्या चित्रपट्टांवर आणि पंचांगांच्या मुखपृष्ठांवर नवव्या जागी बुद्ध बसवलेला आपण पाहत आलो आहोत. कित्येकदा त्याच जागी विठ्ठलही येतो. त्या चित्रातील आकृतीचे रूप बुद्धाचे असले, तरी त्या जागेचा अर्थ बुद्धाचा नाही, हे आपण ठामपणे म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारणारी एक स्वतंत्र प्रतिज्ञा आहे. तेथे आपण रूपावर न थांबता स्थान पाहतो आणि स्थानावरून अर्थ ठरवतो. मग हाच निकष लेशानच्या कड्यापाशी आपण का सोडावा? दशावतारातील बुद्ध धम्माचा पुरावा नव्हे असे म्हणायचे आणि राणीमातेच्या आसनावरील बुद्ध मात्र धम्मप्रसाराचा पुरावा म्हणून मिरवायचा, ही दुटप्पी चिकित्सा होय. प्रतिपक्षाने ती दाखवून दिली तर आपल्यापाशी उत्तर राहणार नाही.

प्रश्न केवळ अभिमानाचा नाही. धम्म जेथे जेथे गेला तेथे त्याच्या शास्त्याला देव करण्याचा, अमरत्वाच्या किंवा अवताराच्या आसनावर बसवण्याचा प्रयत्न झाला. हान थडगी ही त्या प्रक्रियेची फार जुनी आणि काही ठिकाणी काळाच्या नोंदीसह मिळणारी साक्ष आहे, म्हणून ती आपल्या दृष्टीने मौल्यवान आहेत. त्यांना धम्मविजयाचे स्मारक म्हणून दाखवले तर ही साक्षच पुसली जाते.

नवे शोध होतच राहणार. २०२१ साली शियानयांग येथील उत्तरकालीन हान थडग्यांतून मुलामा दिलेल्या कांस्य बुद्धमूर्ती मिळाल्याचे जाहीर झाले. त्याच दफनभूमीतील एका भांड्यावर इ.स. १५८ चा उल्लेख आहे, पण मूर्ती त्याच काळातील आहेत की नंतरच्या, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. अशा बातम्या आपल्या नियतकालिकांत छापताना आमची एक सूचना आहे. छायाचित्राखाली केवळ ‘प्राचीन बुद्धमूर्ती, चीन’ असे लिहू नये. ती थडग्यात मिळाली की मंदिरात, दारावर होती की वस्तूवर, शेजारी कोण होते, लेख आहे काय आणि काळ कशावरून ठरवला, एवढे पाच तपशील द्यावेत. जे तपशील मिळत नसतील त्यांच्याविषयी मौन पाळावे आणि तेवढ्यापुरता निष्कर्षही राखून ठेवावा. स्वीकारू नये आणि धिक्कारूही नये, ताडून पाहावे. भोगनगरचा हा नियम ग्रंथांइतकाच दगडांनाही लागू आहे.